नऊताई आणि मुकी बटणं

हॉस्पिटलमधल्या कुठल्याही फोनवरून नऊ दाबलं की एकच आवाज यायचा, "बोला." नमस्कार नाही, सुप्रभात नाही, नुसतं बोला. पण ते असं असायचं की समोरचा हुंदके देत असला तरी नाक पुसून सरळ बोलायला लागायचा. म्हणून ती नऊताई. खरं नाव फक्त हजेरीपुरतं.

जन्मापासून दिसत नाही तिला. त्याचं तिला स्वतःला काही विशेष नव्हतं, विशेष लोकांनाच वाटायचं. "काल मी तो सिनेमा बघितला, अगदीच फालतू," असं ती म्हणाली की नवीन नर्सबाईंचा चेहरा कसा होत असेल याची कल्पना करून ती स्वतःच फिदीफिदी हसायची. आवाजावरून माणूस ओळखायची, ते ठीकच, पण श्वासावरूनसुद्धा ओळखायची. "डॉक्टर, जिना चढून आलात ना? आधी पाणी प्या, मग जोडते." आणि तोंड? तोंड म्हणजे सुरी. वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे तिला टरकून.

तळमजल्यावर, एक्सरेच्या शेजारी, तिची खोली. खोली कसली, फडताळच ते. एक टेबल, एक खुर्ची, जुना एक्स्चेंजचा बोर्ड, भिंतीला टेकवलेली पांढरी काठी. बोर्डाच्या कुठल्या बटणावर काय आहे ते कळावं म्हणून तिने भाचीच्या नेलपॉलिशचे थेंब टाकून ठेवलेले. आयसीयूवर एक थेंब, बाळंतपणाच्या वॉर्डवर दोन जुळे थेंब. भाची म्हणाली होती, "आत्या, लाल आहे हं, चालेल का?" तर ही म्हणते, "रंग तुझा तुला, मला फुगवटा हवाय."

तर असं सगळं छान चाललेलं असताना हॉस्पिटलने नवी वेबसाइट केली.

सगळं एका ठिकाणी. पेशंटचे नंबर त्याच्यावर, रिपोर्ट त्याच्यावर, आणि फोनसुद्धा त्याच्यावरच. जुना बोर्ड काढणार, ऑपरेटरने कॉम्प्युटरसमोर बसायचं, कानाला हेडफोन, वेबसाइटच्या पानावरूनच कॉल घ्यायचे आणि जोडायचे. मोठे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे प्रशासक, हे सांगायला स्वतः तिच्या खोलीत आले. हळू आवाजात, वाईट बातमी द्यावी तसं. "ताई, घाबरू नका हं."

"घाबरू कशाला? बरंच झालं की. त्या बोर्डाची वायर रोज शॉक देते."

तिला खरंच आनंद झाला होता! कारण कॉम्प्युटर तिला काही नवीन नव्हता. घरी ती बातम्या वाचायची, बँकेचं काम करायची, भावाशी हुज्जत घालून ऑनलाइन मिक्सर मागवायची, सगळं स्क्रीन रीडरवर. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवर जे जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम. तिने त्याचा आवाज इतका वेगात लावलेला की वहिनीला वाटायचं डब्यात माशी अडकलीय. त्या माशीच्या गुणगुणीतून ताई अख्खं पान घटकेत वाचून मोकळी.

पहिल्या दिवशी ती लवकर आली. खुर्ची पुढे ओढली, हेडफोन घातले, साइट उघडली, आणि एकेक करत पुढे जायची कळ दाबत गेली.

"बटण," स्क्रीन रीडर म्हणाला.

पुढे.

"बटण."

पुढे.

"बटण. बटण. बटण. बटण."

ती थांबली. परत पहिल्यापासून. परत तेच. अहो, कसलं बटण? कॉल उचलायचं, जोडायचं, धरून ठेवायचं की ठेवून द्यायचं? पान करणाऱ्याने प्रत्येक बटणावर एकेक गोंडस चित्र काढलेलं, फोन, बाण, दोन रेघा, असलं काहीतरी. पण चित्रामागे शब्दांत नाव लिहायचं असतं, ते लिहिलंच नव्हतं. ते नाव दिसत नाही, पण स्क्रीन रीडर तेच तर वाचतो! नाव नसेल तर तो बिचारा काय वाचणार? म्हणतो, बटण. म्हणजे घरात सगळ्या डब्यांची लेबलं काढून टाका आणि आंधळीला सांगा, घे, कर स्वयंपाक, स्वयंपाकघर सगळ्यांसाठी खुलं आहे!

पण नऊताई ती. तिने दाबून दाबून, चुकून चुकून, शिव्या घालत, कुठलं काय करतं ते पाठ केलं. तिसरं उचलायचं, त्याच्या पुढचं जोडायचं, शेवटचं तोडायचं. दोन आठवड्यांत हात बसला. कोणाला काही म्हणाली नाही. उलट वहिनीला म्हणाली, "जमतंय गं. मुकी आहेत बिचारी बटणं, पण जागेवर तरी आहेत."

आणि एका सकाळी ती जागेवर नव्हती.

वेबसाइट करणाऱ्या कंपनीने रातोरात पान "अजून सुंदर" केलं होतं. कोणाला विचारून? कोणालाच नाही. ज्यांना दिसतं त्यांना काय, डोळे फिरवले की सापडतं. ताईच्या हेडफोनमध्ये एका माणसाचा कॉल आला. आईला ऑपरेशनला आत नेलंय, तो दुसऱ्या गावी अडकलाय, आवाज कापतोय. "धरा हं, जोडते," ताई म्हणाली आणि जोडायचं बटण दाबलं. कॉल कट. त्याने परत केला. "माफ करा, आता जोडते." परत कट. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही, नुसता ओरडला. मग रडला. मग म्हणाला, "बाई, तुम्हाला आई नाही का हो?"

ताईला आई नव्हती. पण तो मुद्दा नाही. तिने त्याचा नंबर विचारून घेतला, हेडफोन काढले, काठी उचलली, भिंतीला धरून धावतच ऑपरेशन थिएटरपर्यंत गेली, सिस्टरला बाहेर बोलावलं, त्यांच्या मोबाइलवरून त्याला फोन लावून दिला. आई बरी होती. तरी त्याने तक्रार केलीच, आणि का करू नये? त्याने केली ते बरोबरच केलं. चूक पान करणाऱ्यांची.

साहेबांनी बोलावलं.

"ताई, तुमचा दोष नाही," साहेब म्हणाले. दोष नाही म्हणून सुरुवात करणारा माणूस शेवटी काय करतो ते सगळ्यांना माहीत असतं. "पण आता जमाना बदलला. तुम्हाला आपण आरामाचं काम देऊ. लिननरूममध्ये. चादरींच्या घड्या. बसून काम, कटकट नाही."

"आणि एक्स्चेंजला?"

"बघू. पुढच्या महिनाअखेरपर्यंत बघू जमतंय का तुम्हाला."

"मला जमतंय का? साहेब, बटणांना नावं नाहीत. नावं घाला. मला काही जमवायचं नाहीये, त्यांना जमवायचंय."

"कंपनीला कळवलंय मी," साहेब म्हणाले, आणि पुढे दुसऱ्याच कोणाशी बोलायला लागले.

घरी वहिनी भाजी चिरत ऐकत होती. "खरं सांगू का ताई? घ्या की चादरी. आयुष्यभर लोकांची रडगाणी ऐकलीत. आता बसा जरा निवांत."

"निवांत? वहिनी, त्या खोलीत माणूस नसतो. चादरी बोलतात का?"

"बोलत नाहीत तेच बरं, तुमच्याशी भांडायला कोणी नको."

"म्हणजे मला घडी घालून कपाटात ठेवायचं, असंच ना?"

वहिनीची सुरी थांबली. मग ती नुसतं म्हणाली, "नाही हो. तसं नाही." ताईला चादरींचा कमीपणा वाटत नव्हता, कष्ट करणाऱ्या बाया तिथेही होत्या. पण तिचं काम माणसांना माणसं जोडून द्यायचं होतं. ते ती कोणाहीपेक्षा चांगलं करत होती आणि ते तिच्याकडून का जात होतं? तर कोणीतरी चार शब्द टाइप करायचा कंटाळा केला म्हणून!

मग कंपनीने "उपाय" केला. ऐका हं आता, हे ऐकण्यासारखं आहे.

नावं घातली नाहीत. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र लावलं, आणि त्या चित्राला एक आवाज दिला. गोड, मधाळ, लग्नाच्या व्हिडिओत असतो तसा. ताईने साइट उघडल्याबरोबर एका कानात स्क्रीन रीडर गुणगुणायला लागला आणि त्याच्यावर तो आवाज, "आमच्या सर्वसमावेशक संकेतस्थळावर आपले मनःपूर्वक स्वागत आहे." दोघं एकाच वेळी! एक म्हणतोय बटण बटण, दुसरी म्हणतेय मनःपूर्वक, आणि तिसरा, खरा माणूस, फोनवर ओरडतोय हॅलो हॅलो. आणि त्या मधाळ बाईने पुढे काय म्हणावं? "दृष्टिहीन व्यक्तींनी मदतीसाठी कोपऱ्यातील निळे चित्र दाबावे."

निळे चित्र! दृष्टिहीन व्यक्तींनी! हे लिहिताना, वाचताना, रेकॉर्ड करताना, एकाही माणसाच्या डोक्यात काही हललं नाही?

"आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन," ताई भाचीला म्हणाली. "मी मागितलं एक नाव, यांनी दिले दोन आवाज."

आणि या उपायावर त्या कंपनीला कुठल्याशा संस्थेकडून "सर्वांसाठी खुली साइट" असं प्रमाणपत्र मिळालं. त्याचा व्हिडिओ काढायचा ठरला, आणि त्यात कोण हवं? अर्थात ताई! सजवलेला बैल लागतोच की मिरवणुकीला.

कॅमेरावाला आला, साहेब आले, सेंटचा वास आला. "ताई, फक्त एवढंच म्हणा, आता माझं काम सोपं झालं."

"म्हणते," ताई म्हणाली. "पण आधी काम करून दाखवते." आणि तिने हेडफोनची वायर उपटली. दोन्ही आवाज खोलीभर. बटण स्वागत बटण मनःपूर्वक बटण निळे. त्यावर ती कॅमेऱ्याच्या दिशेने मोठ्याने म्हणाली, "ऐकलंत? यातून मला तुमचा फोन जोडायचाय. चार बटणांना चार नावं द्या, दुसरं काही नको." आणि मग, खरं तर रागाने, ती हसली. तिचं रागाचं हसू दिसायला फार छान आहे असं वहिनी म्हणते.

तिला वाटलं, चला, आता ऐकतील. जगाला ऐकू जाईल.

आठवड्याने भाची कॉलेजातून आली ती दारातूनच ओरडत. व्हिडिओ साइटवर आला होता. "आत्या, त्यांनी आवाज काढून टाकला!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू बोलतेयस ते ऐकूच येत नाही. वर बासरी लावलीय. तू नुसती ओठ हलवतेस आणि मग हसतेस. खाली लिहिलंय, आता माझं काम सोपं झालं."

ताईने भाचीच्या हातातला फोन ओढून कानाला लावला. "आत्या, आहे तेवढंच आहे."

"बासरी?" ताई म्हणाली.

"हो."

"अगं, माझ्याकडे होतं काय? आवाजच होता ना? अख्ख्या हॉस्पिटलला माझा आवाज माहितीय. तोच काढला?"

त्या दिवशी ती जेवली नाही. वहिनी दोनदा ताट घेऊन आली, दोनदा परत गेली. दुसऱ्या दिवशी मात्र ताई नेहमीपेक्षा लवकर उठली, आणि भाचीला विचारलं, "त्या पानावर कंपनीचा मदतीचा नंबर आहे म्हणालीस ना? वाचून दाखव."

हॉस्पिटलातल्या खोलीत तिचा बाहेरच्या लाइनचा जुना टेबलफोन अजून होता, तो न्यायला कोणी आलंच नव्हतं. ताईने तो जवळ ओढून घेतला. पहिला कॉल हेडफोनमध्ये आला. कोणाला तरी औषधांच्या दुकानात बोलायचं होतं. "धरा हं. एक मिनिट विचारते," ताई म्हणाली, आणि टेबलफोनवरून कंपनीला फोन लावला, स्पीकरवर.

"मदत कक्षात आपलं स्वागत आहे, मी काय मदत करू शकते?" तिकडून एक कोवळी मुलगी.

"मी एका बटणावर येऊन थांबलेय. याला नाव नाही. हे काय करतं?"

"मॅम, तुम्हाला स्क्रीनवर काय दिसतंय?"

"अंधार दिसतोय गं."

"मॅम, स्क्रीन बंद आहे का?"

"स्क्रीन चालू आहे. डोळे बंद आहेत. जन्मापासून. आता सांग, वरून चौथं बटण कसलं?"

गडबड, कुजबुज, कोणाला तरी हाक. मग, "मॅम, ते कॉल जोडायचं."

"छान. जोडते. थांब, ठेवू नकोस, पुढचा कॉल येतोय."

आणि प्रत्येक कॉलला हेच. पान रोज थोडं इकडेतिकडे हलायचं म्हणून रोज विचारायला लागायचं. नियम कुठला मोडला? कंपनीनेच लिहिलेलं, कधीही फोन करा. बाहेरून फोन करणाऱ्यांना ताटकळावं लागायचं, त्याचं तिला वाईट वाटायचं, ती प्रत्येकाची माफी मागायची. पण तोडला एकही नाही. आणि प्रत्येकाला सगळं ऐकू जायचं! लोकांनी नंतर साइटबद्दल काय काय ऐकवलं असेल विचारू नका.

ती मदतवाली मुलगी आधी वैतागली, मग हसायला लागली, मग "मॅम"ची "ताई" झाली. "ताई, मी तुमच्यासाठी तेच पान उघडून बसते. आज बाण खाली गेलाय बघा." एकदा हळूच म्हणाली, "ताई, मी रोज वर लिहून पाठवते हो. कोणी उघडतच नाही."

"काळजी करू नकोस. दार वाजवायचं काम माझं."

मग यायचा तो कॉल आला. मोठे साहेब, गाडीतून, घाईत. "नऊ? मला ताबडतोब आयसीयू द्या."

"धरा साहेब, विचारते."

"कोणाला विचारता?"

"कंपनीला. अगं, आज चौथं कुठलं?"

"ताई, आज चौथं नोंद करायचं आहे. जोडायचं सहावं. नाही, थांबा, त्यांनी आत्ताच काहीतरी बदललं."

"ही काय चेष्टा आहे!" साहेब गरजले.

"तेच म्हणतेय मी," ताई म्हणाली. "तुम्ही थोडा वेळ थांबलात साहेब, रोज लोक थांबतात. त्यांची माणसं आत असतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना? दळायला मी तयार आहे. पीठ कोण खातंय ते तुम्ही बघा, तुम्हाला दिसतं."

मग मुलगी ओरडली, "सापडलं! पाचवं!" ताईने जोडून दिलं.

महिना संपायच्या आत साइटवाला आला. म्हणजे ज्याने ते पान केलं तो इंजिनिअर. पाठीला बॅग, बुटांचा चुईंचुईं आवाज. दारात उभा राहूनच म्हणाला, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

"मी तुमच्या साइटवरून सहा वेळा लिहायला गेले," ताई म्हणाली. "अभिप्राय पाठवा म्हणून एक जागा आहे म्हणे. तिथलं पाठवायचं बटणसुद्धा मुकंच आहे. बसा. त्या स्टुलावर, खुर्ची माझी आहे."

तो बसला. कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. "काय नावं देऊ?"

"उचला. जोडा. धरून ठेवा. तोडा."

त्याच्या बोटांचा टकटक आवाज येत राहिला. शिपाई चहा ठेवून गेला. त्या चहावर साय धरली असेल नसेल, तोवर तो म्हणाला, "बघा."

ताईने हेडफोन घातले. कळ दाबली.

"उचला, बटण."

"जोडा, बटण."

"धरून ठेवा, बटण."

तिचा हात थांबला. साइटवाल्याला वाटलं आनंद झाला. बिचारा हसलासुद्धा असेल.

"एवढंच होतं?" ताईने विचारलं.

"हो. तसं एवढंच होतं."

"एवढंच?" आता आवाज चढला. एक्सरेच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "एका कप चहाएवढं काम होतं? आणि त्याच्यापायी मी एका पोराचा फोन तोडला, त्याची आई टेबलावर असताना! मला चादरी मोजायला धाडत होते! माझ्या तोंडावर बासरी लावली! कठीण असतं ना, तर मी समजून घेतलं असतं. राग त्याचा नाही आला मला की जमलं नाही. सोपं होतं याचा राग येतोय!"

साइटवाला अगदी हळू म्हणाला, "यादीत होतं माझ्या. वरून सांगितलं, हे नंतर. मी म्हटलं बरं."

"बरं म्हटलंत."

"हो."

तो खोटं बोलला नाही म्हणून ताई जरा खाली आली. तेवढ्यात साहेब आले. सेंट आधी, ते मागून. "वा वा! बघा ताई, करून दाखवलं की नाही आपण? आता तुमची खुर्ची कायम हं. आणि एक छोटासा फोटो..."

"आपण?" ताई म्हणाली. "फोटो नको. तो बासरीचा व्हिडिओ आज काढा. नाहीतर माझा आवाज परत घाला, जसाच्या तसा." साहेबांनी हो हो केलं, घड्याळात बघितलं असावं, आणि गेले. व्हिडिओ संध्याकाळी उतरला. आवाज काही परत आला नाही.

साइटवाला बॅग आवरत होता. "ती गोड बाई तेवढी घालवा," ताई म्हणाली.

"तुमच्या कॉम्प्युटरवर बंद करतो. पण साइटवरून नाही निघणार. प्रमाणपत्र तिच्यावरच मिळालंय ना."

"आणि पेशंट लोक नंबर लावतात ते पान? त्याला नावं आहेत?"

त्याने बॅगेची चेन ओढली.

"माझी एक मैत्रीण आहे. तिलाही दिसत नाही, आणि आता तिला साखरही आहे. गेल्या महिन्यात नंबर लावायला बसली, शेवटी शेजारणीला बोलावून तिच्यासमोर आपलं सगळं दुखणं वाचून दाखवायला लागलं तिला. ते पान कोण करतं?"

"ते दुसऱ्या टीमकडे आहे, ताई. माझ्या हातात नाही."

"त्यांचा नंबर द्या."

"तसा बाहेर देता येत नाही."

"नका देऊ," ताई म्हणाली. "मी ऑपरेटर आहे."

त्याच्या बुटांचा आवाज जिन्यापर्यंत गेला नाही तोच तिने टेबलफोन उचलला आणि मदत कक्ष लावला. "अगं, मी. हो, झालं माझं, चारही बोलतात आता. नाही गं, रडत नाहीये, चिडलेय. ऐक, पेशंटचं पान उघड आणि पहिल्या बटणापासून सांगायला लाग."